बॉयलरमागची गुलाबी भिंत

बोईसर, रविवार दुपार

प्रिय जमना,

उद्या सकाळी मला कारखान्यात बोलावलं आहे. निवृत्त झाल्यापासून तिथल्या कुणी मला चहालासुद्धा विचारलं नव्हतं, आणि आता नवे साहेब घरी रिक्षा पाठवतो म्हणतात. कारण काय, तर तुझा रंग! तुझा तो मेला गुलाबी रंग पुन्हा भिंतीतून वर आलाय!

पूर्वी असं काही झालं की मी पॅकिंगच्या दारात जाऊन नुसती भुवई उचलायचे, आणि तू हातातली खोकी टाकून यायचीस. "काय झाला विजूबाय, कोनाला फाडायचा हाय?" असं विचारत. तू गेलीस त्याला आता दोन महिने होतील. काल सवयीने भुवई उचलली आणि आरशात मीच मला दिसले. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या शोकसभेचं सांगते, कारण माझ्या रागाची सुरुवात तिथे आहे.

कॅन्टीनमध्ये तुझा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला. त्यात तू पाकीटमारासारखी दिसतेस, पण ओळखपत्रावर आपण सगळ्याच तशा दिसतो. तुझा नवरा तुमच्या दांडी गावच्या दोन माणसांबरोबर मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. पॅकिंगच्या बायका भिंतीला टेकून उभ्या. नवे साहेब उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या कंपनीने महिला कामगारांसाठी विश्रांतीची खोली उभारली, आणि जमनाबाईंनी ती अखेरपर्यंत मनापासून सांभाळली."

सांभाळली! ऐकतेस ना? जणू तू तिथे फडकं घेऊन बसली होतीस!

मी उभी राहिले. शेजारी तुझ्या हाताखालची सविता होती, तिने माझा पदर ओढला. "बाई, बसा ना. मयताचा कारेक्रम हाय."

"मयताचा आहे म्हणूनच उठले," मी म्हटलं. "साहेब, खोली कंपनीने उभारली नाही. ती जमनाने उभारली, मी उभारली, या भिंतीला टेकलेल्या बायकांनी उभारली. कंपनीने नंतर दारावर पाटी ठोकली, तीही वाकडी."

साहेब हसले. तरुण माणूस आहे, दात चांगले आहेत, त्यामुळे वेळी-अवेळी हसतो. "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो. म्हणूनच आम्ही ठरवलं आहे की त्या जागेचं संपूर्ण नूतनीकरण करून पाहुण्यांसाठी दालन करायचं आणि त्याला जमनाबाईंचं नाव द्यायचं."

टाळ्या पडल्या! तुझ्या नवऱ्यानेही वाजवल्या. त्याला काय ठाऊक बिचाऱ्याला! तुझ्या नावाचं दालन, त्यात गादीच्या खुर्च्या, काचेचं टेबल, परदेशी गिऱ्हाइकांसाठी गार हवा. आणि बायका? मी विचारलंच. "त्यांची सोय कॅन्टीनमागे पडदा लावून करू," म्हणाले.

पडदा, जमना. आपण जिथून निघालो होतो, तिथेच परत!

तुला माझा पहिला दिवस आठवतो का? ऐंशी सालच्या आगेमागे असेल. माझ्या नवऱ्याची बदली इकडे वीजकेंद्रात झाली म्हणून मी मुंबई सोडून बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत आले, आणि आपल्या औषधांच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. नन्सच्या शाळेत शिकलेली, पांढऱ्या साडीला रोज इस्त्री करणारी. शिफ्टच्या बसमधून उतरून गेटपर्यंत येईतो पावसाने मला पिळून काढलं. टाइमकीपरला विचारलं, "बायकांची खोली कुठे आहे?" तो असा बघायला लागला, जणू मी राणीचा महाल विचारला!

तू मागून आलीस, दंडाला धरलंस आणि मला खोक्यांच्या थप्पीमागे नेलंस. तिथे दोघीजणी एक साडी दोन टोकांना ताणून धरून उभ्या होत्या. तिच्या आडोशाला तिसरी कपडे बदलत होती. "तुमी जा आत," तू म्हणालीस. "मी हाय धरायला. कोन बगल त्याचे डोले काढते." तेव्हा तू मला अजून 'तुमी' म्हणायचीस. तो आदर किती थोडे दिवस टिकला!

माझ्याकडे पिशवीत दुसरी साडी होती. बहुतेकींकडे नव्हती. दांडीहून, सातपाटीहून, डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या त्या बायका भिजलेल्या साडीतच अख्खी शिफ्ट उभ्याने गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या. श्रावण उजाडेतो निम्मं पॅकिंग खोकत असायचं. आणि खोकून घरी बसली की तिच्या जागी गेटवरची दुसरी! औषधांच्या कारखान्यात बायका तापाने जात होत्या, आणि त्याची कुणाला लाज नव्हती.

मी अर्ज टाइप केला. इतकं सुरेख इंग्रजी त्या कारखान्यात आधी कुणी लिहिलं नव्हतं. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, "विचार करू." दुसऱ्या अर्जाला म्हणाले, "विचार चालू आहे." तिसरा अर्ज मशीनला लावत होते, तर तू टेबलापाशी येऊन म्हणालीस, "कागद किती खानार तो सायब? त्याचा पोट भरलाय. चल, तुला एक भिंत दावते."

ती भिंत! बॉयलरघराला लागून एक शेड होती. तीन बाजूंना विटा, वर पत्रा, चौथी बाजू उघडी, आत रिकामी पिंपं आणि मांजरं. शेडची मागची भिंत बॉयलरघराचीच होती आणि धूर बाहेर नेणारा मार्ग तिच्या पोटातून गेला होता. तू माझा तळवा त्या भिंतीवर टेकवलास. "बग, चुलीसारखी हाय का नाय?"

कोमट होती, आणि बाराही महिने तशीच असायची. बाहेर पाऊस ओतत होता आणि माझा तळवा वाळत होता. मला सांगायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी आपण मोठ्या साहेबांना जीपमध्ये चढताना गाठलं. एक पाय आत, एक बाहेर. तू बोललीस मराठीत, मी इंग्रजीत, एकाच वेळी. ते वैतागून म्हणाले, "कंपनी पैसा देणार नाही. काय करायचं ते करा!" त्यांना वाटलं, हा नकार झाला. जीप वळायच्या आत तू सगळ्या पॅकिंगला सांगून आलीस की सायबानं करा म्हणून सांगितलाय.

मग कारखान्याच्या शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्ट्या. लोक सुट्टीच्या दिवशी आराम करतात, आपण पिंपं लोटत होतो. वॉचमन हसायचा. "इतनी मेहनत अपने घर में करो, भाभी," म्हणाला मला. मी त्याच्या हातात टोपली दिली आणि म्हटलं, "भाभी मत बोलो, मिट्टी उठाओ." उचलली त्याने.

चौथी भिंत कशाची करायची, हा प्रश्न होता. त्याच सुमाराला नवं मशीन आलं होतं, हत्तीएवढ्या लाकडी पेट्यांतून. त्या काळी अर्धं बोईसर अशाच पेट्यांच्या फळ्यांवर उभं होतं. त्यांचेच पलंग, त्यांचीच कपाटं, त्यांच्याच पानाच्या टपऱ्या. आपल्या फळ्या कॅन्टीनच्या चुलीत जाणार होत्या. तू आचाऱ्याला सुक्या बोंबलांच्या दोन माळा दिल्यास आणि फळ्या सोडवून आणल्यास.

फळ्या ठोकल्या, पण मध्ये फटी राहिल्या. बोट जाईल एवढ्या. जिथे बोट जातं तिथे डोळाही जातो, हे मला तुला सांगावं लागलं नाही. पुढच्या शुक्रवारी तू नवऱ्याला घेऊन आलीस, कापूस आणि शिजवलेल्या राळेचं डबडं घेऊन. होडीच्या फळ्यांत भरतात तसा कापूस त्याने फटींत ठासला आणि वरून राळ थापली. मी विचारलं, "हे टिकेल?" तू कमरेवर हात ठेवलास. "अगो, होडीत दर्या शिरत नाय, हितं मानसाची नजर काय शिरल?"

जमना, तसलं वाक्य मला उभ्या जन्मात टाइप करता आलं नाही.

फळ्यांवर पेटीचे छाप होते. बाण, छत्री आणि उंच दांड्याचा पेला. मी सांगितलं, बाण वर हवा, तू तो खाली करून ठोकलास. आणि पेला बघून खवळलीस. "बायकांच्या खोलीत दारूचा गलास कोनी काडला?" मी म्हटलं, "अगं, आत काचेसारखा नाजूक माल आहे, असा त्याचा अर्थ." तू एकदा फळीकडे बघितलंस, एकदा आपल्या बायकांकडे, ज्यांतली एकेक जण सिमेंटचं पोतं एकटीने उचलत होती. आणि इतकी हसलीस की पत्र्यावरचं मांजर पळालं. पुढे त्याच खुणांखाली खिळे मारून पिशव्या टांगायची जागा झाली. "माजी पिशवी छत्रीला हाय, तुजी पेल्याला." ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यांचीही पिशवी कधी चुकली नाही.

आता येऊ या रंगावर. इथे माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

चुना माझं खातं होतं. आमच्या शाळेच्या वसतिगृहात नन्स दर उन्हाळ्यात मुलींकडूनच भिंती रंगवून घ्यायच्या. चुना कसा भिजवायचा, कसा गाळायचा, त्यात डिंक किती, कुंचला आधी आडवा की उभा, हे मला झोपेत येतं. मी मोठ्या पिंपात असा चुना तयार केला की मदर सुपीरियरने पाठ थोपटली असती. शुभ्र!

तू आत डोकावून नाक मुरडलंस. "पांडरी? हा काय दवाखाना हाय?"

"स्वच्छ दिसेल."

"मेल्यावानी दिसल."

आणि मी जेवायला गेले असताना तू पदराची गाठ सोडलीस! शेजारच्या रंगाच्या कारखान्यात तुझ्या गावची बाई कामाला होती. पिंपाच्या तळाशी राहिलेली भुकटी तिने तुला मूठभर दिली होती. आज त्या भुकटीचा विचार केला तरी अंगावर काटा येतो, जमना. काय असेल तिच्यात, देव जाणे! पण तेव्हा बोईसरात कुणी कसला विचार करत होतं? मी परत आले, तर माझा पांढराशुभ्र चुना लग्नातल्या सरबतासारखा गुलाबी झालेला, आणि तुम्ही सगळ्या कुंचले बुडवून भिंतीला लावायला सुरुवात केलेली.

मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. तू म्हणालीस, "नको बोलू, रंगव." रंगवलं मी. आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळचं ऊन फळ्यांच्या दारातून आत आलं तेव्हा ती खोली बघून मलाही बरं वाटलं होतं. हे तुला तेव्हा सांगितलं असतं, तर तू डोक्यावर बसली असतीस.

पण तुझा माज पुढच्या आषाढापर्यंतच टिकला! पाऊस लागला. भिजलेल्या बायका आत आल्या आणि सगळ्यांनी ऊब घ्यायला कोमट भिंतीला ओली पाठ टेकवली. काय व्हायचं ते झालं. पॅकिंगमधल्या झाडून सगळ्या बायकांच्या पाठी गुलाबी! बसमध्ये, बाजारात लोक ओळखायला लागले, ह्या बॉयलरमागच्या. मासळीबाजारात एक म्हातारी मला म्हणाली, "होली कवाची झाली, तुमी अजून खेलता?" माझी निळ्या काठाची पांढरी कलकत्ता साडी, लग्नातली, मागून गुलाबी झाली. सोडा लावला, लिंबू लावलं, उन्हात घातली. डाग फिका झाला म्हणशील तर नाही! उलट पसरला. तू बघितलीस आणि म्हणालीस, "आता बरी दिसते. आदी नर्स वाटायचीस."

त्या साडीवरून मी तुला किती वर्षं बोलले? तू गेलीस तोपर्यंत.

आणि तरीही ती खोली वाचली, ती तुझ्याच त्या मूर्खपणामुळे. श्रावणात मोठ्या साहेबांना पिंपांसाठी जागा हवी झाली. भर पावसात छत्रीशिवाय आले, खोली खाली करा म्हणाले. तू काही वाद घातला नाहीस. "सायब, किती भिजलात! जरा टेका ना भितीला, गरम हाय." टेकले ते! चांगले ऐसपैस टेकून आपल्याला शिस्तीवर व्याख्यान दिलं. मग तसेच मुख्य कचेरीतून आलेल्या लोकांच्या बैठकीत गेले, पांढरा शर्ट घालून. पाठ वळवली फळ्याकडे काही लिहायला, आणि सगळ्या बैठकीला कळलं की साहेब कुठे टेकून आले!

त्यानंतर त्यांनी त्या शेडचं नावसुद्धा काढलं नाही. मी तुला अनेकदा विचारलं, तू त्यांना मुद्दाम टेकवलंस का? तू दर वेळी म्हणायचीस, "थंडी वाजत व्हती त्याला. दया आली." जमना, आता तरी खरं सांग!

पण एका गोष्टीसाठी मी तुला कधी माफ केलं नाही. पुढच्या वर्षी मुख्य कचेरीतून मोठी मंडळी आली, खोली बघितली, खूश झाली, आणि महिला कल्याणासाठी शाल-श्रीफळ दिलं. कुणाला? मोठ्या साहेबांना! ज्या माणसाने एक खिळासुद्धा दिला नाही, त्याला! मी रागाने लाल, आणि तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतीस. कडाकडा!

मी तुला बाहेर ओढलं. "लाज नाही वाटत?"

"माला पान्याचा नल पायजे हाय खोलीत," तू शांतपणे म्हणालीस. "तो आज खुशीत हाय. आज नाय मागायचा तर कवा?"

नळ मिळाला, हे कबूल. आठवड्याच्या आत मिळाला. पण नळ आला आणि नाव गेलं, ते कायमचं! तू म्हणायचीस, नावानं तोंड धुता येत नाय. मी म्हणायचे, नाव नसलं तर उद्या नळही कापतील. बघ, कोण बरोबर होतं? शोकसभेत बघितलंस ना?

तू माझ्या घराचंही असंच केलंस. घरमालकाने दम दिला होता, भिंतीत एक खिळा ठोकलात तर खोली सोडा. मी भांडी जमिनीवर ठेवून मुंग्यांशी लढत होते. तू आलीस, वर आढ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "भिंत त्याची, हवा तर तुजी ना?" उरलेल्या पेटीच्या दोन फळ्या जाळ्याच्या दोरीने आढ्याला टांगल्यास. मालक आला, भिंती तपासल्या, वर बघितलं, आणि आला तसा गेला. पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं, तिथे छताला कड्या लावून ती फळी मी पहिली टांगली. सुनेने नाक मुरडलं, चकचकीत कपाट आणलं. गेल्या महिन्यात बघते तर साखरेचा डबा टांगत्या फळीवर! मुंग्या कपाटात चढतात, तुझ्या फळीवर त्यांना वाटच नाही. मी नुसती भुवई उचलली.

शेवटच्या वेळी मी तुझ्याकडे दांडीला आले, तेव्हाचं मात्र बोलवत नाही. होड्यांचा उरलेला हिरवा रंग लावलेलं तुझं घर, दारात वाळत घातलेली जाळी, आणि वैशाखाच्या उकाड्यात तू दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होतीस. मी पाय चेपत होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "विजूबाय, ती भिंत हितं आनता आली असती ना, तर टेकून बसली असती गो."

मी तुझे तळपाय माझ्या पदरात गुंडाळले. तेव्हाच मला कळलं की तू जाणार.

आता कालची गोष्ट ऐक. काल सविता घरी आली होती. शोकसभेनंतर साहेबांनी वेळ घालवला नाही. बायकांना बाहेर काढलं, पिशव्यांचे खिळे उपटले, ठेकेदार लावला. भिंतीला पिवळसर पांढरा रंग दिला, दोन हात. सविता सांगत होती, "बाई, सकाली बगतो तर मदी गुलाबी आलेला. पेंटर बोलला, भाईसाब, ये दीवार को क्या हुआ है? मग तिसरा हात दिला. चार दिवस बरा व्हता. परवा पाऊस पडला, बॉयलर तापला, आनि परत! भितीवर सगल्या पाठी उठल्यात, बाई. आमच्या पाठी. येकीच्या बाजूला येक."

पाठी उठल्यात! मी तिला तीनदा सांगायला लावलं.

ठेकेदार म्हणतो, गिलावा फोडून नवा केल्याशिवाय हा डाग हटायचा नाही. गिलावा फोडायचा तर बॉयलर बंद ठेवायला हवा. बॉयलर बंद तर कारखाना बंद, आणि त्याला मुख्य कचेरी तयार नाही. म्हणून साहेबांना माझी आठवण! त्यांना कुणीतरी सांगितलं की विजयाबाईंना त्या रंगातलं सगळं माहीत आहे. पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे यायचेत, आणि तुझ्या नावाच्या दालनात पांढऱ्या सदऱ्याने टेकायची सोय नाही!

"आनि तुमी कुठे बदलता कपडे?" मी विचारलं. तुझ्यासारखं बोलून गेले, बघ.

"पडद्यामागं," सविता म्हणाली. "वारा सुटला का पडदा उडतो. मग दोगी धरतात." आणि खोकली. पावसाळा अजून अर्धा बाकी आहे, जमना, आणि पोरगी आत्ताच खोकते आहे.

लाखेचा एक हात आधी दिला की खालचा डाग दबतो, असं तुझा नवरा एकदा बोलला होता. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. मी ते विसरले आहे. या वयात माणूस विसरतंच! आणि तुझा नवराही विसरला आहे. आज सकाळी दांडीला जाऊन मी खात्री करून आले. त्याला शोकसभेतल्या दालनाचा खरा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा तो जाळ्याची गाठ सोडत म्हणाला, "लाख? कसली लाख? आमी दर्यावरची मानसं."

चांगला माणूस आहे तुझा नवरा. मी उगाच त्याला भित्रा समजत होते.

तू असतीस तर काय केलं असतंस, तेही मला ठाऊक आहे. साहेबाला चहा पाजून रंगाचं सांगून टाकलं असतंस आणि बदल्यात दोन नळ मागितले असतेस. तुझी रीत तुझ्यापाशी. उद्या माझ्या रीतीने होईल.

दांडीहून आले आणि ट्रंक उपसली. ती साडी सापडली, जमना. निळ्या काठाची, मागून गुलाबी. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, पण रंग? काल लागल्यासारखा! हिला मी गोधडीला का दिली नाही, भांडीवालीला का दिली नाही, तू विचारशील. मलाही आजवर कळलं नव्हतं. आता इस्त्री करून दारामागे टांगली आहे.

उद्या मी ती नेसून रिक्षात बसणार आहे. साहेब पुढून बघतील, तर एक नीटनेटकी, शुभ्र, शिकलेली म्हातारी. खुर्ची देतील, चहा देतील, दात दाखवून विचारतील, "मॅडम, तो रंग जायला काय करावं लागेल?" मी चहा पूर्ण पिईन. मग सांगेन की खोली बायकांना परत द्या, खिळे होते तिथे परत ठोका. छत्री, पेला, बाण, सगळं जागच्या जागी. पाहुण्यांना गेटजवळ बसवा, तिथे फुलझाडंही आहेत. आणि दारावर नवी पाटी लावा, सरळ: ही खोली जमनाने आणि पॅकिंगच्या बायकांनी बांधली. बांधली, सांभाळली नव्हे. लिहून देऊ का, असंही विचारेन, माझं मराठीही वाईट नाही.

ते म्हणतील, "पण मॅडम, रंगाचं काय? तो जाईल ना?"

तेव्हा मी उठेन, आणि दाराकडे जायला पाठ वळवेन.

मग सरळ बॉयलरमागे जाईन आणि त्यांच्या त्या नव्या पांढऱ्या भिंतीला ऐसपैस टेकून बसेन. पॅकिंगच्या बायकांना सविताने आज सांगून ठेवलंय. त्याही येतील, भिजलेल्याच. पाटी लागेपर्यंत आम्ही तिथून उठणार नाही, हा माझा तुला शब्द. तुला ती भिंत दांडीला नेता आली नाही. उद्यापासून रोज तुझ्या वाटणीचं मी टेकेन.

आणि हो, खोली परत मिळाली की रंग पुन्हा द्यावा लागेल. चुना मी भिजवीन. या वेळी शुभ्र पांढराच हवा, असा माझा आग्रह राहील. बायका ऐकणार नाहीत. मीही जेवायला थोडी लवकरच उठून जाईन म्हणते.

तुझ्यावर अजून रागावलेली,
विजूबाय